भूकंपालेख वाचायचा कसा: पी, एस आणि आठाचा पाढा

भूकंपाची बातमी येते तेव्हा आपल्या हाती तीन आकडे पडतात: वेळ, ठिकाण आणि 'रिश्टर स्केल'. हे तिन्ही आकडे यंत्राने काढलेल्या एका नागमोडी रेघेतून निघतात. त्या रेघेला भूकंपालेख म्हणतात. ती वाचायला मोठे गणित लागत नाही. नकाशा, कंपास, पट्टी आणि आठाचा पाढा एवढ्या सामग्रीवर नववीतला विद्यार्थीसुद्धा अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाचे जमिनीवरचे ठिकाण, शोधू शकतो. इथे उदाहरण कोयनेच्या परिसराचे घेतले आहे. तिथले भूकंप बहुतेक लहान, उथळ आणि वारंवार होणारे असतात आणि आजूबाजूला पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी, कऱ्हाड अशी ओळखीची गावे आहेत. सरावाला याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

आधी विटेचा प्रयोग

रेघ वाचण्याआधी ती कशामुळे उमटते हे हाताने अनुभवलेले बरे. खडकातली भेग म्हणजे लगेच प्रस्तरभंग नव्हे. भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकलेल्या असतील तरच तिला प्रस्तरभंग म्हणायचे. दोन्ही बाजूंचे खडक वर्षानुवर्षे दाबले किंवा ओढले जात असतात, पण भेगेवरचे घर्षण त्यांना सरकू देत नाही. मग खडकच किंचित वाकतो आणि ताण साठत जातो. ज्या क्षणी तो घर्षणाला भारी पडतो, त्या क्षणी दोन्ही बाजू झटक्यात सरकतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपात प्रस्तरभंगावरून जाणारी कुंपणे आणि रस्ते तुटून काही मीटर बाजूला गेले होते. त्या मोजमापांवरूनच हॅरी फील्डिंग रीड यांनी ही कल्पना मांडली.

लागणारे सामान: एक भाजकी वीट, मीटरभर लांब फळी, ८० किंवा १०० नंबरचा पॉलिश पेपर, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली २ सेंमी रुंद आणि ४० ते ५० सेंमी लांब पट्टी, सुतळी, पेन्सिल. ५ किलोचा स्प्रिंग काटा मिळाला तर उत्तम. पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून फळीवर चिकटवा. विटेला सुतळीचा फास अगदी तळाशी बांधा, त्याला ट्यूबची पट्टी जोडा आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला काटा. आता सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर या संथ गतीने ओढत राहा. पट्टी ताणली जाते, वीट हलत नाही, काटा चढत जातो आणि मग वीट एकदम पुढे उडी मारून थांबते. प्रत्येक थांब्याला फळीवर पेन्सिलची खूण करा आणि उडीच्या आधी काट्याने दाखवलेले वजन लिहा. अशा वीस नोंदी तरी हव्यात. फळी पुरत नसेल तर वीट मागे नेऊन पुन्हा सुरुवात करा.

प्रयोग फसतो तो बहुधा तीन कारणांनी. ट्यूबऐवजी नुसत्या सुतळीने ओढले तर वीट सरळ सरकत राहते, कारण ताण साठवायला लवचीक असे काही उरतच नाही. फास विटेच्या वरच्या भागाला बांधला तर वीट सरकण्याऐवजी पुढे कलंडते. आणि पाच-सहा वेळा ओढल्यावर विटेची भुकटी कागदात बसून घर्षण कमी होते, म्हणून मधूनमधून ब्रशने कागद झाडावा.

वीस नोंदी समोर ठेवल्या की लक्षात येते: उड्या सारख्या नाहीत आणि त्यांच्यामधले अंतरही सारखे नाही. एकच वीट, एकच कागद, तोच हात, तरीही पुढची उडी नेमकी केव्हा आणि केवढी हे सांगता येत नाही. जमिनीखाली दहा-दहा किलोमीटरवर तर घर्षण मोजायलाही मिळत नाही. 'आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का' असा निरोप फिरत आला की ही फळी आठवावी.

याच मांडणीत आणखी एक गोष्ट करून पाहा. पट्टी जवळजवळ पूर्ण ताणलेली असताना, वीट थांबलेली असताना, तिला वरून दोऱ्याने अगदी किंचित उचलून धरा. ओढ वाढवलेली नसतानाही वीट सरकते. कोयनेत असेच झाले असे मानले जाते. शिवाजीसागर जलाशय १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला. पाण्याचा दाब भेगाभेगांतून खाली पोहोचला आणि प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारा जोर कमी झाला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ६.३ मॅग्निट्यूडचा (बातमीत 'रिश्टर स्केल' म्हणतात तो आकडा) भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे गेली. भूकंपाची ऊर्जा धरणाने तयार केली नव्हती, ती खडकात आधीपासून साठलेली होती. पाण्याने तिची कडी काढली. हा फरक सोडून बोलले की धरणावरची चर्चा दोन्ही बाजूंनी भरकटते.

दोन गाड्या, एकच थांबा

सरकणे सुरू होते त्या खोलवरच्या बिंदूला नाभी म्हणतात आणि तिच्या बरोबर वर जमिनीवर असतो तो बिंदू म्हणजे अपिकेंद्र. नाभीपासून लहरी सगळीकडे पसरतात. प्राथमिक म्हणजे पी लहर खडकाला पुढे-मागे दाबत आणि सोडत जाते. दुय्यम म्हणजे एस लहर खडकाला आडवी हलवते. आपल्या भागातल्या कठीण खडकातून पी लहर सेकंदाला सुमारे ६ किमी जाते, तर एस लहर सुमारे ३.५ किमी. भूपृष्ठ लहरी या दोघींच्या मागून येतात. आसाममधल्या १२ जून १८९७ च्या भूकंपाच्या दूरवरच्या नोंदी तपासताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या आर. डी. ओल्डहॅम यांनी या तिघी वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या. आज जगभर रोज वापरली जाणारी ही वाचनाची रीत अशी आपल्याच देशातल्या भूकंपावरून पक्की झाली.

समजा स्वारगेटहून दोन गाड्या एकाच वेळी सुटल्या. एक ताशी ६० ने जाते, दुसरी ताशी ३५ ने. तुमच्या थांब्यावर दोघींत एक तासाचा फरक पडला, तर थांबा ८४ किमीवर आहे. हिशेब असा: ६० गुणिले ३५, भागिले ६० वजा ३५. गाड्या कधी सुटल्या हे तुम्हाला ठाऊक असण्याची गरजच नाही, फरक पुरतो. लहरींनाही हेच लागू. ६ गुणिले ३.५, भागिले २.५, म्हणजे ८.४. पी आणि एसमधल्या प्रत्येक सेकंदाला ८.४ किमी. खडक बदलला की हा आकडा थोडा हलतो, हाताने काम करताना ८ धरावा.

रेघेवर बोट कुठे ठेवायचे

भूकंप नोंदणाऱ्या चांगल्या केंद्रावर एका यंत्राच्या तीन रेघा असतात: वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे पी आणि एस दोन्ही एकाच रेघेवर शोधणे. लहर जमिनीजवळच्या मऊ थरांत शिरताना वळते आणि जवळजवळ खालून उभी येते. पी आपल्या जाण्याच्या दिशेनेच हलवते, म्हणून ती वर-खाली रेघेवर स्पष्ट दिसते. एस आडवी हलवते, म्हणून ती बाकीच्या दोन रेघांवर पाहायची.

क्रम असा ठेवावा. आधी भूकंपाच्या आधीची दहा-वीस सेकंदांची शांत रेघ नीट पाहा आणि तिची नेहमीची थरथर केवढी आहे ते ठरवा. संगणकावर काम करत असाल तर जवळच्या भूकंपासाठी साधारण १ ते १० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १ ते १०, एवढीच कंपने ठेवणारी गाळणी (फिल्टर) लावा. समुद्राच्या लाटांमुळे येणारी संथ डोल त्यामुळे निघून जाते. मग वर-खाली रेघेवर जिथे थरथर पहिल्यांदा मोडून रेघ झटक्यात वर किंवा खाली जाते, तिथे पीची खूण करा. खूण पहिल्या शिखरावर नव्हे, रेघ जिथून उठते तिथे करायची. त्यानंतर आडव्या रेघांवर जिथे लाटांची उंची एकदम वाढते आणि त्या थोड्या रुंद होतात, तिथे एसची खूण. पीच्या मागची थरथर अजून चालू असताना एस येते, त्यामुळे तिची सुरुवात दडलेली असते. दोन्ही आडव्या रेघा पाहून जी खूण आधीची ठरेल ती घ्यावी. एसच्या खुणेत एक सेकंद चुकलात तर अंतरात ८ किमी चुकलात.

वेळ लिहिताना ती कोणती आहे तेही लिहा. नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. किल्लारीचा भूकंप आपल्यासाठी ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, पण आंतरराष्ट्रीय यादीत तो २९ सप्टेंबरला सापडेल. कोयनेचाही ११ ऐवजी १० डिसेंबरला. तारीख पाहून 'हा दुसराच भूकंप' असे ठरवून नोंद बाजूला टाकणारे कमी नाहीत.

नकाशावर तीन वर्तुळे

खालचे आकडे सरावासाठी रचलेले आहेत. पी पोहोचल्याची वेळ आणि पी-एस फरक असा:

रत्नागिरी: १० वाजून १५ मिनिटे ११ सेकंद, फरक ८ सेकंद
कोल्हापूर: १० वाजून १५ मिनिटे १७ सेकंद, फरक १२ सेकंद
पुणे: १० वाजून १५ मिनिटे २२ सेकंद, फरक १६ सेकंद

आठाने गुणा: ६४, ९६ आणि १२८ किमी. दहा लाखास एक प्रमाणाचा नकाशा घ्या, त्यात १ सेंमी म्हणजे १० किमी. कंपास ६.४ सेंमी उघडून रत्नागिरीवर टोक ठेवा आणि वर्तुळ काढा. मग कोल्हापूरवरून ९.६ सेंमीचे, पुण्यावरून १२.८ सेंमीचे. मोबाइलच्या पडद्यावरून छापलेला नकाशा वापरू नका. छापताना प्रमाण बदलते आणि वर्तुळे कुठल्या कुठे जातात. तसाच घ्यावा लागला तर दोन गावांमधले सरळ रेषेतले अंतर मोजून प्रमाण स्वतः काढा. रस्त्याचे अंतर इथे चालत नाही.

तिन्ही वर्तुळे एका बिंदूत मिळणार नाहीत. कोयनानगरच्या आसपास त्यांच्यात काही किलोमीटरांचा छोटा त्रिकोण उरेल. त्या त्रिकोणाचा मध्य हे तुमचे अपिकेंद्र, आणि तुमचे उत्तर किती अचूक आहे ते त्रिकोणाचा आकार प्रामाणिकपणे सांगतो. तो खोडून एकच टिंब ठेवू नये. चौथे केंद्र मिळाले तर त्याने पडताळा घ्या. या उदाहरणात कऱ्हाडला फरक सुमारे ६ सेकंद यायला हवा.

केंद्रे निवडताना ती भूकंपाच्या चारी बाजूंना पसरलेली हवीत. इथे पुणे उत्तरेला आहे, कोल्हापूर आग्नेयेला आणि रत्नागिरी नैर्ऋत्येला, म्हणून वर्तुळे एकमेकांना नीट छेदतात. तिन्ही केंद्रे एकाच बाजूला असली तर वर्तुळे जवळजवळ एकमेकांवरून घसरत जातात आणि त्रिकोणाऐवजी लांबट पट्टा मिळतो.

वर्तुळे मिळण्याऐवजी एकमेकांत बरीच घुसत असतील तर घाबरू नका, तो बहुधा खोलीचा परिणाम असतो. फरकातून मिळते ते नाभीपर्यंतचे तिरपे अंतर. केंद्र लांब असेल तर काही बिघडत नाही: ६४ किमीवर, नाभी १० किमी खोल असली तरी जमिनीवरचे अंतर ६३ किमीच्या वर भरते. पण तिरपे अंतर १५ किमी असेल तर जमिनीवर ते ११ किमीच उरते. इथे पायथागोरसच लागतो. खोली पक्की कळायची तर एखादे केंद्र भूकंपाच्या अगदी डोक्यावर हवे. नसेल तर गणित खोली धरू शकत नाही, म्हणून अनेक याद्यांत ती सरळ ५ किंवा १० किमी गृहीत धरलेली असते. कोयनेत ३ किलोमीटर खोल विंधनविवर खणले गेले ते याच कारणासाठी महत्त्वाचे: तिथे भूकंप उथळ आहेत आणि बेसाल्टच्या थराखालच्या ग्रॅनाइटी खडकात जवळ जाऊन मोजता येते.

आता वेळ. पीला लागलेला वेळ हा पी-एस फरकाच्या सुमारे १.४ पट (८.४ भागिले ६) असतो. पुण्यासाठी १६ गुणिले १.४ म्हणजे २२.४ सेकंद, २२ मधून वजा केले की भूकंप १० वाजून १५ मिनिटांच्या अगदी आगेमागे झाला हे निघते. बाकी दोन केंद्रांचेही करून पाहा, अर्ध्या सेकंदाच्या आत जुळेल. एखादेच केंद्र दोन-तीन सेकंदांनी फटकून वागत असेल तर तिथली खूण चुकली आहे किंवा तिथले घड्याळ.

याहून चांगली तपासणी जपानी शास्त्रज्ञ वादाती यांच्या आलेखाने होते. आडव्या अक्षावर पीची वेळ, उभ्या अक्षावर पी-एस फरक मांडा. तिन्ही ठिपके एका सरळ रेषेत यायला हवेत. रेषा खाली वाढवली की ती जिथे शून्य फरकाला टेकते ती भूकंपाची वेळ. रेषेचा चढ आपल्या उदाहरणात ११ सेकंदांना ८, म्हणजे ०.७३ येतो. त्यात १ मिळवा: १.७३. पी आणि एसच्या वेगांचे हे गुणोत्तर कठीण खडकात असेच येते. चढ ०.५ किंवा १ आला तर खुणा पुन्हा तपासा.

आठाचा पाढा कुठवर चालतो? साधारण दीडशे किलोमीटरपर्यंत निर्धास्त. त्यापुढे पीचा एक भाग कवचाच्या तळाला उतरून त्याखाली असलेल्या प्रावरणातून सेकंदाला ८ किमी वेगाने पळतो आणि सरळ येणाऱ्या पीच्या आधी पोहोचतो. ती सुरुवात बारीक असते. तिची खूण केली आणि आठाने गुणले तर अंतर वाढीव येते. भूज किंवा त्याहून लांबच्या भूकंपासाठी तयार प्रवासवेळ-तक्ते वापरावे लागतात.

भूकंप की सुरुंग?

खाणीचा सुरुंगही रेघ हलवतो. ओळखायची खूण अशी. सुरुंग सगळ्या बाजूंना बाहेर ढकलतो, म्हणून सर्व केंद्रांवर पीची पहिली हालचाल वरच्या दिशेने असते, आणि एस तुलनेने दुबळी राहते. प्रस्तरभंग सरकतो तेव्हा काही बाजूंना ढकलतो आणि काही बाजूंना ओढतो. त्यामुळे काही केंद्रांवर रेघ आधी वर जाते, काहींवर आधी खाली. भरपूर केंद्रांच्या या वर-खाली खुणा नकाशावर मांडल्या तर चार पाकळ्या दिसतात आणि त्यावरून सरकण्याची तऱ्हा कळते. कोयनेचा १९६७ चा भूकंप मुख्यतः आडव्या सरकण्याचा होता, किल्लारीचा मात्र एक बाजू दुसरीवर चढण्याचा.

पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या लहान धक्क्यांच्या मालिकेत लोकांना जमिनीतून आवाज ऐकू येत. तो कल्पनेचा खेळ नाही. उथळ भूकंपाच्या पीमधली जलद कंपने कठीण खडकातून फारशी न विरता वर येतात आणि हवेत आवाज होऊन बाहेर पडतात.

आकडा आणि नुकसान

रिश्टर यांची १९३५ ची मूळ व्याख्या साधी आहे: ठरावीक प्रकारच्या यंत्रावर, १०० किमी अंतरावर, रेघ १ मिमी हलली तर मॅग्निट्यूड ३. दसपट हलली, म्हणजे १० मिमी, तर ४. आकडा एकने वाढला की हालचाल दसपट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. मोठ्या भूकंपांना ही रीत पुरत नाही, म्हणून आता सरकलेला पृष्ठभाग मोजतात. लांबी, रुंदी, सरकणे आणि खडकाचा ताठपणा यांचा गुणाकार करायचा. १५ किमी लांब, १० किमी रुंद पृष्ठभाग अर्धा मीटर सरकला आणि ताठपणा ३० अब्ज पास्कल धरला, तर गुणाकार २.२५ गुणिले १० चा १८ वा घात. त्याचा लॉगरिदम १८.३५, त्यातून ९.१ वजा करून १.५ ने भागा. उत्तर ६.२.

६.२ हाच किल्लारीचाही आकडा. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप ७.७ चा, म्हणजे ऊर्जेने पावणेदोनशे पट मोठा. तरी किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. नाभी उथळ होती, वेळ पहाटेची होती आणि लोक मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींच्या, जड माळवदाच्या घरांत झोपले होते. अशा भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर आरपार जाणाऱ्या दगडांनी बांधलेले नसले की एसच्या आडव्या हिसक्याने ते सुटे होतात आणि माळवद खाली येते. मॅग्निट्यूड भूकंपाची असते आणि प्रत्येक भूकंपाला एकच असते. तीव्रता गावागावाची वेगळी असते, ती घर, जमीन आणि अंतर ठरवतात. जुन्या दगडी घरात राहत असाल तर आधी भिंतीच्या दोन थरांमध्ये आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे आहेत का ते जाणकाराकडून पाहून घ्या. त्यानंतर माळवदावरची वर्षानुवर्षे चढत गेलेली माती कमी करा.

घरी रेघ उमटवून पाहायची असेल तर फोनमधला त्वरणमापक चालतो. फायफॉक्स हे मोफत अॅप घ्या, त्यात गुरुत्व वगळलेले त्वरण निवडा, फोन फरशीवर सपाट ठेवा आणि दोन मीटरवर गुडघ्याइतक्या उंचीवरून वाळूची पिशवी सोडा. तीन रेघा मिळतील, त्यांतली वर-खाली कोणती ते आधी ओळखून ठेवा. फोन गादीवर किंवा टेबलावर ठेवला तर त्यांचीच थरथर नोंदली जाते. लहान भूकंप पकडण्याइतका फोनचा संवेदक बारीक नसतो. खऱ्या भूकंपाच्या रेघा अर्थस्कोप या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. भारतातल्या भूकंपांची वेळ, ठिकाण, खोली आणि मॅग्निट्यूड राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीत मिळते. आधी रेघेवरून स्वतः अंतर काढा, मग यादी उघडा.